रक्त काय सांगतं, घर काय सांगतं



इथे तंजावरात सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. डोळ्याचं चित्र आणि सोबत रुग्णाची, उपचाराची माहिती. आज मला डोळ्यांबद्दल नाही, विसरण्याबद्दल बोलायचं आहे. पण नोंद ठेवायची ती सवय आपल्याला शेवटी लागणार आहे.

समजा, घरात पंचाहत्तरीच्या आजी आहेत. रोज पहाटे दारात रांगोळी काढायच्या, ती बंद झाली. बोलणं कमी झालं. एकच गोष्ट चार वेळा विचारतात. मुलगा डॉक्टरांना विचारतो, "रक्त तपासून कळेल का, हा अल्झायमर आहे की नुसतं मन खचलंय?"

प्रश्न अगदी योग्य आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण.

आधी साध्या तपासण्या करायच्या: बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, मूत्रपिंडाचं काम. बी-१२ कमी असेल किंवा थायरॉइड मंदावला असेल, तर माणूस उदासही होतो आणि विसरायलाही लागतो. आणि यावर औषध आहे. महागड्या तपासणीच्या नादात हे राहून जाऊ नये.

आता नवी तपासणी. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून. टाऊ नावाचं दुसरं प्रथिनही बदलतं. त्यातला पी-टाऊ २१७ हा प्रकार रक्तात मोजता येतो. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड यांचं गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीला मान्यता दिली. पण कोणासाठी? लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञांकडे आलेल्या लोकांसाठी. सहज म्हणून करायची ही तपासणी नव्हे. मूत्रपिंडं अधू असतील तर पी-टाऊचा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो. शिवाय मेंदूत अमायलॉइड असूनही कितीतरी वृद्धांची स्मृती ठणठणीत असते.

आणि मनाचं काय? नैराश्याचं निदान करील असा रक्तातला एकही आकडा आज आपल्याजवळ नाही. सूज दाखवणारे सीआरपीसारखे घटक काही उदास रुग्णांत वाढलेले असतात, पण ते तापातही वाढतात. म्हणजे आजींचा पी-टाऊ वाढलेला निघाला, तरी त्यांचं रडणं त्या आकड्यावर ढकलून मोकळं होता येत नाही. अल्झायमर आणि नैराश्य एकाच माणसाला असू शकतं. नैराश्यावर उपचार झाल्यावर विसरणं कमी झालेलेही रुग्ण असतात. मात्र म्हातारपणी पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी अल्झायमरची सुरुवातही असते. म्हणून मन सावरल्यावर स्मृती पुन्हा तपासायची.

आणखी एक गोष्ट, खास आपल्यासारख्यांसाठी. रक्ताला भाषा नसते, स्मृतीच्या चाचणीला असते. घरात मराठी, बाजारात तमिळ, कागदावर इंग्रजी असं आयुष्य गेलेल्या आजींना इंग्रजीत प्रश्न विचारले, तर गुण कमी पडणारच. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "आमच्या आईला मराठीत विचारू या, मी सांगतो." फक्त प्रश्न सांगा, उत्तर नको!

आणि त्या जुन्या नोंदींसारखी एक वही ठेवा. झोप, भूक, रडणं, चिडणं, गोळ्या, काय विसरल्या, कधीपासून. रांगोळी का थांबली? हात दुखतो म्हणून, मन लागत नाही म्हणून, की ठिपके जुळवणं जमेना म्हणून? तिन्हींचे उपाय वेगळे. हे रक्ताच्या अहवालात लिहून येत नाही, ते घरच्यांनाच बघावं लागतं.

अहवाल आणि वही, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.