वैशाखात गोठलेले पाणी
(रायपूरच्या गोल बाजार परिसरातील लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना तो चुकून छापला गेला असावा असे वाटले, असे संयोजकांनी मला आत्ताच सांगितले. लेसर कटिंग यंत्राला थंड ठेवणारे पाणी गोठू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न श्रीनगरला विचारावा, लेहला विचारावा. ज्या रायपुरात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांना सहज टेकतो, तेथे गोल बाजारात उभे राहून त्यावर बोलण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे, आणि ते मला याच बाजारालगतच्या एका गल्लीत सापडले. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे, यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु एका यंत्रातील थोड्याशा पाण्यामुळे एका कुटुंबाचा ताळेबंद कसा कोसळतो, हे मी जवळून पाहिले आणि मग ते पाणी समजून घेणे मला भाग पडले.

गोल बाजारात लग्नाची खरेदी होते, पूजेचे साहित्य मिळते, भांडीकुंडी, मसाले, कापड सारे मिळते. या खरेदीच्या आधाराने जे छोटे व्यवसाय उभे राहतात, त्यांत अलीकडे लेसर कटिंगची भर पडली आहे. ॲक्रिलिकच्या पाट्या, एमडीएफच्या जाळ्या, नक्षीदार लग्नपत्रिका, स्मृतिचिन्हे अशी कामे हे यंत्र करते. माझ्या परिचयातील एका तरुणाने असेच एक यंत्र बँकेच्या कर्जावर घेतले. अक्तीच्या, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर छत्तीसगडात लग्नांची झुंबड असते. त्या आठवड्यात, ऐन वैशाखात, त्याचा चिलर फुटला. उघडून पाहिले तर आत बर्फ होता.

हे कसे घडले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. काचेच्या नळीचे कार्बन डायऑक्साइड लेसर यंत्र जेवढी वीज घेते, तिच्यापैकी साधारण दहावा हिस्साच किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली बहुतेक सारी वीज उष्णता होते आणि ती उष्णता नळीभोवती फिरणाऱ्या पाण्याने वाहून न्यायची असते. ८० वॅटच्या नळीचा हिशेब केला तर पाण्यात सुमारे ७०० वॅट उष्णता ओतली जाते. वीस लिटरच्या बादलीतले पाणी त्यामुळे दर दोन मिनिटांना एक अंशाने तापते. नळीला पंधरा ते पंचवीस अंशांचे पाणी मानवते; तीसच्या वर गेले की किरण दुबळा होतो आणि नळीचे आयुष्य झपाट्याने घटते. नुसता पंखा आणि रेडिएटर असलेले उपकरण पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, हे उघड आहे. म्हणून रायपूरसारख्या गावी शीतक वायू आणि कॉम्प्रेसर असलेला खरा चिलर घ्यावा लागतो.

या चिलरमध्ये शीतक वायूचे तापमान पाण्यापेक्षा बरेच खाली असते. पाणी वेगाने वाहत असेल तोवर ते फक्त थंड होते. प्रवाह मंदावला की वायूच्या भिंतीला टेकलेला पाण्याचा पातळ थर गोठू लागतो, त्याने वाट आणखी अरुंद होते, प्रवाह आणखी मंदावतो. नळीकडून परतणारे थोडे पाणी मात्र गरमच असते, म्हणून तापमापक कॉम्प्रेसरला सांगत राहतो की अजून थंड कर. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, ते पत्र्याला किंवा तांब्याला मोजत नाही. भेग पडली की वायूच्या बाजूस पाणी शिरते आणि कॉम्प्रेसर संपतो. बाहेर चव्वेचाळीस अंश असताना आत बर्फ, तो असा.

प्रवाह का मंदावला होता? त्या तरुणाने टाकीत बोअरचे पाणी भरले होते. क्षार, धूळ आणि शेवाळ यांनी जाळीचे फिल्टर बुजले होते. प्रवाह कमी झाला की ओरडणारा अलार्म त्या चिलरला होता आणि तो दोन महिने इमानाने ओरडत होता. हंगामात त्या आवाजाचा त्रास नको म्हणून एका मेकॅनिकने त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून तो गप्प केला होता. त्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. त्याला यंत्र चालू करून देण्याचे पैसे मिळत होते, यंत्र टिकवण्याचे नव्हे. चिलर गेल्यावर ऑर्डरी परत करणे शक्य नव्हते, म्हणून बादलीत पाणी घेऊन त्यात बर्फाच्या बाटल्या टाकून काम पुढे रेटले गेले. एक किलो बर्फ या उष्णतेपुढे फार तर दहा मिनिटे टिकतो. चौथ्या दिवशी पाणी तापले असता कोणीतरी एकदम बर्फगार पाणी ओतले आणि काचेची नळीही तडकली. वॉरंटीच्या कागदावर पाण्याच्या शुद्धतेची अट बारीक अक्षरांत होती. ती इंग्रजीत होती, हे सांगायला नकोच.

येथे जरा विषयांतर करतो. ज्या लेसरविषयी आपण बोलत आहोत तो १९६३-६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ज्यांनी शोधला, ते सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी घेतली ती पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून. त्या लेसरची माहितीपुस्तिका मात्र मराठीत वा हिंदीत मिळायची मारामार. शोधाचा अभिमान बाळगण्याइतकेच त्याच्या देखभालीचे चार नियम गल्लीतल्या माणसाच्या भाषेत भिंतीवर लावणेही मला महत्त्वाचे वाटते.

थंड प्रदेशात हाच प्रश्न अधिक सरळ असतो. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८ अंशांच्याही खाली उतरला होता. तेथे रात्री बंद कारखान्यात नळीत राहिलेले पाणी गोठते आणि काच आतून फुटते. उपाय तीन आहेत. रात्री पाणी पूर्ण काढून टाकणे आणि कॉम्प्रेसरच्या हलक्या हवेने नळीतला शेवटचा थेंबही बाहेर घालवणे, हा सर्वांत स्वस्त. पण दमलेला माणूस तो नेमका एका रात्री विसरतो आणि ती एक रात्र पुरते. दुसरा, पंप आणि पाण्यातला छोटा हीटर रात्रभर चालू ठेवणे. वीज गेली की हा उपाय कोसळतो. तिसरा, पाण्यात ग्लायकोल मिसळणे. प्रॉपिलीन ग्लायकोल एक चतुर्थांश घातले तर मिश्रण साधारण उणे दहा अंशांपर्यंत गोठत नाही. मोटारीचे रंगीत कुलंट मात्र घालू नये. त्यातील रसायनांमुळे पाण्यातून वीज वाहू लागते आणि या नळीवर हजारो व्होल्टचा दाब असतो. मिठाचे नाव तर काढूच नये. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले आणि जनावरे यांपासून ते दूर ठेवावे.

आपल्यापैकी ज्यांचे यंत्र मैनपाट किंवा सरगुजाच्या पठारावर जाते, जेथे थंडीत गवतावर हिमकण दिसतात, त्यांनी यंत्र ट्रकवर चढवण्यापूर्वी पाणी काढण्याची सवय लावून घ्यावी. रायपुरात ग्लायकोल घालण्याची गरज नाही. त्याने पाण्याची उष्णता वाहण्याची शक्ती कमी होते, म्हणजे उन्हाळ्यात तोटाच. येथे गरज आहे ती डिस्टिल्ड पाण्याची, दर महिन्याला फिल्टर धुण्याची आणि अलार्मची तार शाबूत ठेवण्याची. शिवाय पावसाळ्यात चिलर सोळा-अठरा अंशांवर लावू नये. हवा तीस अंश आणि आर्द्रता सत्तर टक्के असेल तर चोवीस अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमते; नळीच्या टोकांवर ते जमले की विजेची ठिणगी उडते. त्या दिवसांत पंचवीसच्या आसपास तापमान ठेवावे.

आता माझ्या प्रांताकडे येतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर काही सेकंदांतच नष्ट झाले, सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या सकाळच्या थंडीने रबराची एक कडी ताठर झाली होती, एवढेच कारण. १९९३ साली मायकेल क्रेमर यांनी या कडीचे नाव देऊन विकासाचा एक सिद्धान्त मांडला. पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धान्ताचे सार असे की, अनेक टप्प्यांच्या उत्पादनात सर्व टप्प्यांच्या गुणवत्तेची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एक टप्पा शून्यावर आला की सारे शून्य. त्या तरुणाचे यंत्र चांगले होते, नक्षीकाम चांगले होते, गिऱ्हाईक दारात उभे होते. शून्य होते ते एका जाळीच्या फिल्टरमध्ये.

आपल्या कर्ज योजनांनी मोठे काम केले आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ मध्ये उत्पादन प्रकल्पाची मर्यादा २५ लाखांवरून ५० लाखांवर नेण्यात आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेची कमाल मर्यादा २०२४ मध्ये, आधीचे कर्ज फेडलेल्यांसाठी, १० लाखांवरून २० लाख झाली. तथापि मी जे प्रकल्प अहवाल पाहतो त्यांत यंत्राची किंमत असते, खेळते भांडवल असते, सरळ रेषेत काढलेला घसारा असतो. नळी ही यंत्राचा भाग म्हणून धरलेली असते. ती खरे तर डिझेलसारखी खर्ची पडणारी वस्तू आहे. समजा ३० हजारांची नळी तीन हजार तास चालते, तर ताशी दहा रुपये तिच्या नावाने बाजूला पडायला हवेत. पाणी तापू दिले आणि ती हजार तासांतच गेली, तर तोच खर्च ताशी तीस रुपये होतो, आणि तो कोणत्याही दरपत्रकात नसतो. गिऱ्हाइकाला आपण स्वस्त दर लावला असे वाटते. प्रत्यक्षात आपण आपली नळी कापून विकलेली असते. बँकेचा हप्ता पाच वर्षांचा, नळीचे आयुष्य दीड-दोन वर्षांचे. या दोन कालावधींचा मेळ कर्ज मंजूर करतानाच घालावा, देखभालीसाठी स्वतंत्र राखीव रक्कम अहवालात धरावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. बँकांतील माझे मित्र म्हणतात की त्यामुळे प्रकल्प कागदावर कमी किफायतशीर दिसतील. दिसू द्यावेत.

देखभाल शिकवणारेही हवेत. दहा यंत्रांमागे एक जाणता माणूस पुरेल आणि त्याचे मानधन दहा जणांनी वाटून घेतले तर कोणावर भार पडणार नाही. एकटा उद्योजक हा खर्च टाळतो, कारण न फुटलेला चिलर जमेच्या बाजूला लिहिता येत नाही.

त्या तरुणाने दुसरी नळी उसनवारीने घेतली, चिलर जुना घेतला. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले आणि लग्न वर्षभर पुढे ढकलावे लागले. आता त्याच्या टेबलावर एक वही असते. सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी तो पाण्याचे तापमान आणि एक लिटरचे माप भरायला लागलेले सेकंद तिच्यात लिहितो. सेकंद वाढले की फिल्टर काढतो. अलार्मची तार त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा जोडली आहे. मी गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ती वही पाहिली. मधली चार पाने कोरी होती. विचारले तर म्हणाला, त्या दिवशी बहिणीचे लग्न होते, दुकान बंद होते. कर्जाचे चौदा हप्ते अजून बाकी आहेत.