थरथरत्या भूमीचें मोजमाप



धांवत्या आगगाडींत बसून पत्र लिहिण्याचा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांवर आला असेल. अक्षर वेडेंवांकडें येतें. कारण कागद, हात आणि लिहिणारा हे सारेच एकदम हालत असतात. भूकंप मोजूं पाहणाऱ्याची अडचण नेमकी हीच होती. भूमि हालली म्हणजे तिच्यावरचें यंत्रही हालतें. मग मोजावयाचें कशाच्या आधारानें?

याचें उत्तर लंबकानें दिलें. टांगलेलें जड वजन जडत्वामुळें आपली जागा चटकन् सोडीत नाहीं. चौकट हालते, वजन मागें राहतें, आणि त्या दोहोंतील अंतरावरून भूमीची हालचाल कळते. १८८० सालीं योकोहामास धक्का बसल्यानंतर जपानांत राहणाऱ्या मिल्न, यूइंग व ग्रे या शास्त्रज्ञांनीं या तत्त्वावर उपयुक्त भूकंपलेखक घडविले. १८९७ च्या आसाममधील प्रचंड भूकंपानंतर मिल्न यांचीं यंत्रें आपल्या देशांतही आलीं. मुंबईची कुलाबा वेधशाळा हें त्यांपैकीं एक ठिकाण.

परंतु लंबकास एक खोड असते. एकदां हालला कीं तो आपल्याच तालावर झुलत राहतो. मग कागदावरील रेघ भूमीची कीं लंबकाची, हें कळेनासें होतें. जर्मनींत वीखर्ट यांनीं हवेच्या अडथळ्यानें हें झुलणें आवरलें. पुढें रशियांत गॅलित्झिन यांनीं लंबकास तारेचें वेटोळें जोडून तें चुंबकाजवळ ठेविलें. हालचालीपासून वीज उत्पन्न झाली, आणि दूरदेशींचा क्षीण कंपही टिपतां येऊं लागला.

तरीही एक उणीव उरली. इतकें नाजूक यंत्र जवळच्या मोठ्या धक्क्यापुढें टिकत नाहीं. त्याची रेघ कागदाबाहेर जाते. म्हणून प्रबळ हिसका मोजणारा त्वरणलेखक वेगळा करावा लागला. त्याचें मोल महाराष्ट्रास ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कळलें. कोयनेच्या त्या भूकंपांत दीडशेहून अधिक माणसें दगावलीं. धरणांतील त्वरणलेखकानें नोंदविलेलें कमाल आडवें त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट होतें. आराखड्यांत धरलेलें मान अवघें ०.०५! धरणास तडे गेले, पण तें उभें राहिलें, आणि मागाहून त्यास बळकटी देण्यांत आली.

भूकंप केव्हां होईल, हें आजही कोणतें यंत्र सांगत नाहीं. पण भिंत किती भक्कम हवी, हें ठरविण्यास आकडा लागतो. आणि तो आकडा अंदाजानें नव्हे, मोजूनच मिळतो.