वैद्यकीय संशोधन : खरे आणि छापील



वैद्यकावर व्याख्यान आहे म्हटले की श्रोत्यांची एक ठरलेली अपेक्षा असते. काय खावे, काय टाळावे, उन्हाळ्यात प्रकृती कशी सांभाळावी, हे वक्त्याने सांगावे आणि घरी जाताना दोन उपयोगी गोष्टी पदरात पडाव्यात. आजचा विषय त्या जातीचा नाही. वैद्यकातले नवे ज्ञान जन्माला कसे येते, ते छापले कसे जाते आणि छापलेल्यातले खरे किती, याचा विचार आम्ही आज करणार आहोत.

हा तर डॉक्टरांच्या परिषदेतला विषय, तो येथे कशाला, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण डॉक्टर आपल्याला जी गोळी लिहून देतात, तिच्यामागे कोठे तरी, कोणी तरी लिहिलेला एक शोधनिबंध असतो. तो खोटा असेल तर त्याचे फळ डॉक्टरांना नव्हे, रोग्याला भोगावे लागते. आणि आपल्या भागातल्या रोगाविषयी कोणी निबंध लिहिलाच नसेल, तर डॉक्टर कितीही हुशार असोत, त्यांना अंदाजानेच चालावे लागते. तेव्हा या विषयात आपला सर्वांचा हितसंबंध आहे.

आपल्याच गावातले उदाहरण प्रथम घेऊ. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी केवढे काम उभे केले, हे येथे सांगण्याची गरज नाही. घराने आणि गावाने टाकलेल्या माणसांना त्यांनी आसरा आणि हाताला काम दिले. पण केवळ करुणेने जंतू मरत नाहीत. त्यासाठी औषध लागते. ते औषध १९४० च्या दशकापर्यंत जगात कोठेच नव्हते म्हटले तरी चालेल. १९४३ साली अमेरिकेतील कारव्हिल येथल्या कुष्ठरुग्णालयातून डॉ. फॅगेट यांनी थोड्याशा रोग्यांवरील उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सल्फोन जातीच्या औषधाने रोग हटतो, असे त्यात दाखविले होते. त्या वृत्तांतावरून देशोदेशींच्या डॉक्टरांनी ते पडताळून पाहिले, स्वस्त गोळी निघाली, आणि पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. कारव्हिलच्या डॉक्टरांनी आपला अनुभव टाचणवहीतच ठेवला असता तर? त्यांचे रोगी बरे झाले असते, आपले झाले नसते. अनुभव लिहिला गेला, तपासला गेला, छापला गेला, म्हणून तो सर्वांचा झाला.

आता कोणी म्हणेल की हे अमेरिकेतले झाले. आपल्याकडे साधने कोठे आहेत? त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९७६ च्या सुमारास कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, लहान मुले डोळ्यांदेखत दगावत. पाठ्यपुस्तकात त्यावर नेमका उपचार नव्हता. या तरुण डॉक्टरांनी काय केले? रोग्याच्या उशाशी बसून ते पाहत राहिले. घाम केव्हा सुटतो, हातपाय केव्हा गार पडतात, नाडी कशी बदलते, फुप्फुसात पाणी केव्हा भरते, हे तासातासाने टिपत राहिले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार पडतो, हे त्यावरून उमगले. मग रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध त्यांनी वापरून पाहिले. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे एका टक्क्याच्या घरात आले.

येथेच ते थांबले असते तर महाड तालुक्याचे एक पुण्यवान डॉक्टर म्हणून त्यांची कीर्ती राहिली असती. पण १९८२ साली त्यांची निरीक्षणे लंडनच्या 'लॅन्सेट' या मासिकात छापून आली आणि पुढेही ते लिहीत राहिले. विंचवाच्या विषावरची लस निघाली तेव्हा प्राझोसिनबरोबर ती दिल्याने अधिक गुण येतो काय, याचीही त्यांनी रीतसर परीक्षा केली. सत्तर रोगी घेतले, पस्तीस-पस्तीसांचे दोन गट केले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रोगी लस दिलेल्या गटात बत्तीस निघाले, नुसत्या प्राझोसिनच्या गटात आठ. हा निबंध २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य केंद्र खेड्यातले, रोगी शेतकरी, पण प्रश्न आपला होता आणि नोंद चोख होती. संशोधनाला याहून अधिक भांडवल नेहमीच लागते असे नाही.

तसेच गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकविले, शेजारच्या इतर खेड्यांशी तुलना केली आणि नवजात बालकांचे मृत्यू सुमारे साठ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली छापून दाखविले. त्या छापील पुराव्याच्या बळावर पुढे आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बाळे तपासण्याचा कार्यक्रम देशभर आला. मेळघाटातील ज्या आईच्या दारी आज आशाताई जाते, तिने तो निबंध वाचलेला नाही. पण तो तिच्या दारापर्यंत पोचलेला आहे.

ही झाली उजळ बाजू. आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

निबंध छापण्याची जुनी रीत अशी की लेखकाने तो संपादकाकडे पाठवावा, संपादकाने त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांना दाखवावा, त्यांनी दोष काढावेत, लेखकाने ते दुरुस्त करावेत आणि मगच छपाई व्हावी. ही चाळणी निर्दोष नाही. ज्या 'लॅन्सेट'ने बावस्करांना जागा दिली, त्याच 'लॅन्सेट'ने १९९८ साली अवघ्या बारा मुलांवरून गोवराच्या लशीवर संशय घेणारा एक निबंध छापला. तो मागे घ्यायला २०१० साल उजाडले. तोवर इंग्लंडमध्ये आईबापांनी लस नाकारली होती आणि गोवर परत आला होता. थोरामोठ्यांच्या मासिकाची ही गत, मग जेथे चाळणीच नाही तेथे काय होत असेल?

आणि अशी चाळणी नसलेली मासिके आज शेकड्यांनी आहेत. त्यांची उपज कोठून झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. भारतीय वैद्यक परिषदेने प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट घातली. २०२० साली परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, पण अट राहिली. हेतू चांगला होता. शिकविणाऱ्याने संशोधनही करावे, हे कोण नाकारील? पण ज्या प्राध्यापकाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांग लागलेली असते, ज्याला ना वेळ मिळतो ना मदतनीस, त्याच्याकडे वर्षाअखेर आपण कागद मागतो. मागणी निर्माण झाली की बाजार उभा राहतो. पैसे भरा, आठ-पंधरा दिवसांत निबंध छापून घ्या, असे सांगणारे दुकानदार निघाले. मासिकाचे नाव 'आंतरराष्ट्रीय', आणि कचेरी कोठल्या तरी गल्लीतली एक खोली.

हा आरोप हवेतला नाही. २०१३ साली 'सायन्स' या मासिकाच्या एका वार्ताहराने कर्करोगावरील औषधाचा एक धडधडीत चुकीचा, बनावट निबंध रचला आणि वाचकांकडून वर्गणी न घेता लेखकांकडून फी घेणाऱ्या ३०४ मासिकांकडे पाठविला. १५७ मासिकांनी तो स्वीकारला! त्यात भारतातून निघणाऱ्या मासिकांपैकी ६४ जणांनी तो घेतला आणि फक्त १५ जणांनी नाकारला. हैदराबादच्या एका मोठ्या प्रकाशन कंपनीला तर अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ साली पाच कोटी डॉलरांहून अधिक दंड सुनावला.

नाण्याची तिसरी कडाही आहे. जी मासिके खरी, ती वाचायला महाग. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये खर्चून सुमारे तेरा हजार मासिके सरकारी शिक्षणसंस्थांना आणि संशोधनसंस्थांना खुली करून दिली. पाऊल मोठे आहे. पण दर्यापूरला किंवा अकोटला स्वतःचा दवाखाना चालविणारे डॉक्टर त्या संस्थांच्या कुंपणाबाहेरच राहतात. आणि आपला बहुतेक आजार तर प्रथम त्यांच्याच बाकावर येऊन बसतो.

आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. एकीकडे असे कागदांचे ढीग वाढत असताना आपल्या वऱ्हाडच्या रोगांविषयीचे पान मात्र बरेचसे कोरे राहिले आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे नऊशे गावे त्यात येतात. विहिरीचे पाणी खारे, ते शेताला दिले तर काळी जमीन बिघडते आणि माणसाला दिले तर घशाखाली उतरत नाही. वान धरणाच्या नळयोजनांनी काही गावांची तहान भागली, पण सर्वांची नाही. या पट्ट्यातल्या कोणत्याही पारावर जाऊन बसा. आमच्या गावात किडनीचे रोगी फार, हे वाक्य ऐकल्यावाचून आपण उठणार नाही. घरातला कर्ता माणूस डायलिसिसला लागला की शेत विकले जाते, ही हकीगत तर नेहमीची.

पण हे पाण्यानेच होते काय? लोकांचा तसा विश्वास आहे आणि तो खोटा म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. तथापि विश्वास म्हणजे पुरावा नव्हे. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पुरेसे पाणी न पिता राबणे, अंग दुखते म्हणून वर्षानुवर्षे दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, कपाशीवरची फवारणी, न कळलेला रक्तदाब आणि मधुमेह, यांपैकी प्रत्येकावर संशय घेता येतो. आंध्रातील उद्दानम भागात, श्रीलंकेत अनुराधापूरकडे अशीच गावेच्या गावे किडनीच्या रोगाने ग्रासलेली आहेत आणि तेथे अनेक वर्षे शोध चालूनही सर्वमान्य असे एकच कारण हाती लागलेले नाही. कारण चुकीचे धरले तर उपायही चुकतो. दोष उन्हाचा आणि गोळ्यांचा असेल, तर केवळ नळ आणून रोग थांबणार नाही; दोष पाण्याचा असेल, तर गोळ्यांविरुद्ध कितीही भाषणे दिली तरी व्यर्थ.

मग आरंभ कोठून करावा? मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाची हकीगत येथे मार्गदर्शक ठरेल. तेथल्या राजधानीच्या रुग्णालयात डायलिसिससाठी नव्याने आलेल्या २०५ रोग्यांची डॉक्टरांनी अवघ्या पाच महिन्यांत पद्धतशीर विचारपूस केली. सुमारे दोन तृतीयांश रोग्यांना मधुमेह, रक्तदाब असे नेहमीचे कोणतेच कारण सापडले नाही, आणि त्यांत बहुसंख्य शेतात राबणारे पुरुष होते. २००२ साली त्यांनी ते छापले. कोठल्या बड्या इंग्रजी मासिकात नव्हे, आपल्या खंडाच्या मासिकात, आपल्या स्पॅनिश भाषेत. त्या पाचसहा पानांनी जगाचे लक्ष त्या रोगाकडे वेधले.

असे काम अमरावतीत आणि अकोल्यात होण्यास कोणती अडचण आहे? अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, अकोल्यास शासकीय महाविद्यालय २००२ पासून. २०२४ साली अमरावती, बुलढाणा आणि वाशीम येथे नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. डायलिसिसला येणाऱ्या प्रत्येक रोग्याचे गाव, धंदा, पिण्याचे पाणी, घेतलेल्या गोळ्या, मारलेली औषधे, एवढे एकाच नमुन्याच्या कागदावर सर्व ठिकाणी लिहिले जावे. खारपाणातले एक गाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचे गोड्या पाण्याचे दुसरे गाव घेऊन दोन्हीकडे रक्त आणि पाणी तपासले जावे. दोनचार वर्षांत आज नाही इतका उजेड पडेल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. अशा वेळी कोणते औषध कशात मिसळले होते, हे रोग्याच्या कागदावर लिहिलेले असणे हेच पुढल्या रोग्याचे प्राण वाचविणारे संशोधन असते.

यासाठी बढतीच्या नियमातही बदल हवा. निबंध किती, हे मोजण्यापेक्षा त्या प्राध्यापकाने आपल्या जिल्ह्याच्या कोणत्या प्रश्नाला हात घातला, हे विचारले जावे. 'काही फरक आढळला नाही' असा प्रामाणिक निष्कर्षही मानाने छापला जावा. आणि ज्या गावाने रक्त दिले, पाणी दिले, त्या गावाला निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखविला जावा. आजवर आपण गावाकडून नमुने नेले आणि उत्तर इंग्रजीत कपाटात ठेवले. हा व्यवहार एकतर्फी आहे.

श्रोतेहो, यात आपलेही काम आहे. आपला केसपेपर जपून ठेवा. तपासणीचा कागद म्हणजे रद्दी नव्हे. डॉक्टरांनी गोळ्यांविषयी, फवारणीविषयी विचारले तर संकोच न करता खरे सांगा. कोणी संशोधनासाठी दारी आले तर कशासाठी, हे विचारून घ्या, संमती समजून द्या आणि निष्कर्ष आम्हांला कळवाल ना, हे विचारायला विसरू नका. आपल्या महानगरपालिकेला, जिल्हा परिषदेला, आमदारांना आपण रस्ते मागतो, धरणे मागतो. त्या यादीत खारपाणपट्ट्यातल्या किडनीविकाराची रीतसर पाहणी, ही एक मागणी वाढवा. कापसाचा भाव आपण दरवर्षी विचारतो. आपल्या शेजारच्या गावात माणसे कशाने मरतात, हेही एकदा तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे. तो प्रश्न वऱ्हाडनेच विचारावा लागेल.