कारखान्याच्या सुट्टीत घडणारा चित्रपट

सुरत शहराच्या उत्तर भागातील कतारगाम हा परिसर हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. लोकसंख्येने सुरत महानगर असले तरी भाड्याचे कॅमेरे, ध्वनिमुद्रक, संकलनाच्या खोल्या आणि वितरकांच्या कचेऱ्या मुख्यतः मुंबईत असल्यामुळे, चित्रपटाच्या व्यवसायापुरते कतारगाम हे दूरचे गावच ठरते. अशा ठिकाणी कोणत्याही मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पाठबळाविना, थोड्या पैशांत जो चित्रपट तयार होतो, त्याला स्वतंत्र चित्रपट म्हणतात. त्याची मुख्य अडचण पैसा ही आहे असे सर्रास मानले जाते, परंतु प्रत्यक्ष उदाहरणे तपासली असता पैशाआधी वेळेचा प्रश्न उभा राहतो, कारण या चित्रपटात काम करणारी माणसे दुसऱ्या कोणत्या तरी धंद्यावर पोट भरत असतात आणि त्या धंद्याचे घड्याळच चित्रीकरणाचे वेळापत्रक ठरवते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगावात सापडते. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट सुमारे 50 हजार रुपयांत तयार केला. सायकलीवर कॅमेरा धरून धावती दृश्ये टिपली गेली, तर बैलगाडीचा उपयोग क्रेनसारखा, म्हणजे कॅमेरा उंच नेण्यासाठी, करण्यात आला. पुढे त्यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटात यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख नायक झाले, आणि त्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी केलेल्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ही सारी खटपट जगापुढे आली. सायकल आणि बैलगाडीची चर्चा पुष्कळ झाली असली तरी त्याहून मोलाची बाब अशी की, मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात आणि त्याच दिवशी कामगार चित्रपट पाहायला जातात. नट आणि प्रेक्षक एकाच सुट्टीचे वाटेकरी असल्यामुळे तेथील चित्रपट गावाच्या जगण्याला जोडलेला राहिला.

कतारगामचे घड्याळ वेगळे आहे. येथे हिरे घासणाऱ्या कारागिराला रत्नकलाकार म्हणतात आणि त्याची मजुरी बहुधा नगावर, म्हणजे पूर्ण केलेल्या हिऱ्यांच्या संख्येवर, ठरते. त्यामुळे त्याने चित्रीकरणासाठी दिलेला प्रत्येक दिवस हा त्याच्या घरखर्चातून कापला जातो, आणि अंदाजपत्रकात ही भरपाई न धरणारा निर्माता कमी खर्चात चित्रपट करत नसून तो खर्च गरिबाच्या अंगावर ढकलत असतो. दिवाळीत कारखाने काही आठवडे बंद राहतात, मात्र त्याच काळात अमरेली आणि भावनगर यांसारख्या जिल्ह्यांतून आलेली असंख्य कुटुंबे सौराष्ट्रातील गावी परततात. म्हणजे जेव्हा कारखान्याची जागा आणि शांतता मिळू शकते तेव्हा माणसे नसतात, आणि माणसे असतात तेव्हा घंटी, म्हणजे हिरा घासण्याची फिरती चकती आणि तिच्याभोवतीची बैठक, अखंड चालू असते. जाणत्या लेखकाने पटकथाच या पेचातून रचावी: ओस गल्लीतील प्रसंग सुट्टीत, गर्दीचे प्रसंग कामाच्या हंगामात कारखाना सुटल्यावर, आणि गावाकडचा भाग कलाकार स्वतःहून जेथे जाणार आहेत तेथेच.

ध्वनीच्या बाबतीत मात्र काटकसर महाग पडते. चित्रीकरणाच्या जागीच संवाद टिपण्याच्या पद्धतीला सिंक साउंड, आणि नंतर स्टुडिओत ते पुन्हा बोलून घेण्याला डबिंग म्हणतात. अभिनयाचे शिक्षण नसलेल्या माणसाला स्वतःचाच सूर स्टुडिओत पुन्हा पकडणे फार जड जाते, आणि काठियावाडी बोलीचा हेल तेथे हमखास हरवतो. भाऊराव कऱ्हाडे यांनी कुटुंबाची शेतजमीन विकून उभारलेल्या ‘ख्वाडा’ या भटक्या धनगरांवरील चित्रपटाला 2014 या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत प्रत्यक्ष जागेवरील ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला, ही गोष्ट खेड्यात चित्रपट करू पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्यासारखी आहे. उलट कॅमेऱ्याच्या बाजूने पुष्कळ बचत साधते: आसामच्या रिमा दास यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’चे लेखन, दिग्दर्शन, छायांकन आणि संकलन स्वतःच केले, आणि 2018 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जमीन विकून चित्रपट करण्याचे धाडस आदरास पात्र असले तरी त्याला व्यवस्था म्हणता येत नाही. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत सरकारी अनुदान आहे, पण ते चित्रपट पूर्ण होऊन त्याचा दर्जा ठरल्यावर मिळत असल्याने चित्रीकरणाच्या दिवसांत त्याचा आधार होत नाही. या दृष्टीने श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (1976) गुजरातच्याच मातीतील धडा ठरतो: दूध सहकारी संघाच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले, त्यातून 10 लाखांचे भांडवल जमले, आणि तेच शेतकरी पुढे ट्रकमधून चित्रपट पाहायला आले. भांडवल देणारा आणि तिकीट काढणारा एकच असल्याने प्रेक्षक शोधण्याचा खर्च त्या चित्रपटाला करावा लागला नाही.

कतारगाममध्ये दूध संघासारखी एकछत्री संस्था नसली तरी एकाच तालुक्यातून आलेल्या कुटुंबांची मंडळे आहेत, आणि लग्नकार्यासाठी बांधलेल्या समाजाच्या वाड्या आहेत, जेथे पडदा लावून शेकडो माणसे बसू शकतात. याच शहरातील लिंबायत आणि उधना भागांत कापड गिरण्यांमध्ये राबणारे खानदेशी, मराठी बोलणारे कामगारही आहेत, ज्यांना रत्नकलाकाराच्या मजुरीची गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. सार्वजनिक खेळासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र मात्र वाडीतही लागते, म्हणून त्यासाठीचा खर्च आणि वेळ चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावा लागतो.