आर्सचें साधें घर



आपल्या देवळाच्या ह्या ज्युबिलीच्या दिवशीं आम्हांस फ्रान्समधील आर्स ह्या खेड्यांतील धर्मगुरूंच्या घराचें स्मरण होतें. संत जॉन मारी व्हियान्ने तेथें १८१८ सालीं आले व ४ ऑगस्ट १८५९ रोजीं त्याच घरीं त्यांनीं देह ठेविला. वाड्यावरून आलेलें उंची सामान त्यांनीं परत धाडिलें. उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढिले. पुढें हजारों यात्रेकरू पापनिवेदनास येऊं लागले, तेव्हां ते दिवसाचे १६ तासही देवळांत बसत. १९२५ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. तें घर आजही जपलेलें आहे.

ज्युबिलीस भेट काय आणावी, असें कोणी विचारील, तर आम्ही सांगूं : पश्चात्तापी अंतःकरण घेऊन पापनिवेदनास या. आमचेंही दार उघडें आहे.