'नाइस' म्हणजे मूर्ख!

कुणाचा फोटो पाहिला की 'नाइस', नवी साडी दिसली की 'नाइस'. इंग्रजीतलं हे गोडबोलं विशेषण सातशे वर्षांपूर्वी कुणाला लावलं असतं, तर भांडणच जुंपलं असतं.

मूळ लॅटिन शब्द 'नेस्कियुस', म्हणजे अजाण. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं. गंमत अशी, की 'सायन्स' हा शब्दही याच 'स्कीरे'च्या कुळातला! जुन्या फ्रेंचमार्गे 'नाइस' सुमारे १३०० साली इंग्रजीत आला, तो चक्क 'मूर्ख' या अर्थाने. पुढे तो भित्रा झाला, नाजूक झाला, चोखंदळ झाला. सोळाव्या शतकात 'काटेकोर, सूक्ष्म' असाही अर्थ त्याला चिकटला. बारीकशा भेदाला इंग्रजीत आजही हेच विशेषण लावतात.

'छान' हा अर्थ रुळला अठराव्या शतकात.

मग त्याचा इतका सुकाळ झाला, की जेन ऑस्टिनने १८१७च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नीच्या तोंडून त्याची यथेच्छ थट्टा केली. दिवस, फेरफटका, तरुणी, सगळ्यांना एकच शब्द कसा पुरतो, हा त्याचा चिमटा. तो रास्तच होता. पण शब्दाचा खप काही कमी झाला नाही.