अधिकार आणि अंतःकरण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी नेतृत्वात भावनिक बुद्धिमत्तेचे स्थान कोणते, या विषयावर मी बोलावे अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शाळामास्तराने कंपन्यांच्या कारभाराविषयी बोलणे काहींना साहसाचे वाटेल. परंतु आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली आज बँकांत, कारखान्यांत आणि मोठमोठ्या कचेऱ्यांत अधिकारपदावर आहेत. त्यांच्या हाताखाली माणसे काम करतात. आणि माणसांशी कसे वागावे हा प्रश्न मास्तरला परका नाही.

'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्दप्रयोग शास्त्रीय चर्चेत रूढ झाला तो पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९९० सालच्या लेखामुळे. पुढे १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथाने तो घरोघरी पोहोचविला. गोलमन यांनी नेत्याच्या ठिकाणी पाच गुण अपेक्षिले आहेत : स्वतःच्या मनाची ओळख, मनावर ताबा, कार्याची आंतरिक ओढ, दुसऱ्याच्या मनात शिरण्याची शक्ती आणि माणसे जोडण्याचे कौशल्य. ही नावे पाठ करणे सोपे आहे. ती आचरणात कशी उतरतात, हे मात्र उदाहरणावाचून कळत नाही. म्हणून आपल्याच देशातील एक प्रसंग आपणांपुढे ठेवतो.

१९७९ सालची गोष्ट. डॉ. सतीश धवन हे त्या वेळी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते. १९७२ पासून हा भार त्यांच्याकडे होता, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपदही तेच सांभाळीत होते. उपग्रह कक्षेत नेऊन सोडणारा एसएलव्ही-३ हा चार टप्प्यांचा अग्निबाण सिद्ध करण्याचे काम त्यांनी डॉ. अब्दुल कलाम यांच्यावर सोपविले होते. अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून त्याचे उड्डाण ठरले.

उड्डाणास काही मिनिटे उरली असता संगणकाने ते थांबविले. काही भाग सुस्थितीत नसल्याची सूचना यंत्रावर उमटली. जवळच्या तज्ज्ञांनी इंधनाचा साठा पुरेसा असल्याचा निर्वाळा दिला, आणि संगणकाचा इशारा बाजूस सारून कलामांनी उड्डाणाचा हुकूम दिला. पहिला टप्पा उत्तम पार पडला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण बिघडले आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. ही हकीकत कलामांनी स्वतःच पुढे अनेक भाषणांत सांगितली आहे.

आता धवनांच्या जागी स्वतःला कल्पून पहा. सरकारी पैसा समुद्रात गेलेला, वार्ताहर प्रश्न विचारण्यास उभे, आणि ज्याने इशारा डावलला तो मनुष्य शेजारीच. 'निर्णय प्रकल्पप्रमुखांचा होता' एवढे एकच वाक्य उच्चारले असते तरी ते खोटे ठरले नसते, आणि अध्यक्ष सुखरूप सुटले असते. धवन कलामांना बरोबर घेऊन वार्ताहरांपुढे गेले. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली, आपल्या सहकाऱ्यांवर आपला विश्वास असल्याचे सांगितले आणि पुढील वर्षी यश मिळेल अशी ग्वाही दिली.

१८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. स्वदेशी अग्निबाणाने स्वदेशाच्या भूमीवरून उपग्रह कक्षेत पोहोचविण्याचा भारताचा हा पहिलाच पराक्रम. त्या दिवशीही वार्ताहर जमले. धवनांनी कलामांना सांगितले की, आज आपण बोलावे.

या दोन दिवसांत गोलमन यांचे पाचही गुण मला दिसतात. पहिल्या दिवशी धवनांना संताप, लाज, भीती वाटली नसेल असे नाही. परंतु त्या भावनांच्या हाती त्यांनी आपली जीभ दिली नाही. खचलेल्या सहकाऱ्याला त्या घटकेला आधार हवा आहे हे त्यांनी ओळखले. दुसऱ्या दिवशी मोह अधिक सूक्ष्म होता. यशाचे वाटेकरी पुष्कळ असतात आणि वरिष्ठाचा वाटा तर कोणी नाकारीतही नाही. तो त्यांनी आपण होऊन सोडला.

येथे कोणी आक्षेप घेईल की, वरिष्ठ असा दयाळू झाला तर शिस्त कशी राहील? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर याच प्रसंगात आहे. वार्ताहरांपुढे सहकाऱ्यांना पाठीशी घातले म्हणून दोष झाकला गेला नाही. अपयशाची कसून चौकशी झाली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील झडपेतून आम्ल गळाल्याचे निष्पन्न झाले, आणि तो दोष दूर करूनच पुढचे उड्डाण झाले. चारचौघांत माणूस सांभाळावा आणि घरात चूक तपासावी, हा तो मार्ग होय. आपल्याकडे पुष्कळदा याच्या नेमके उलट घडते : चारचौघांत माणसाची शोभा होते आणि चूक तशीच राहते. परिणाम असा की, पुढच्या वेळी हाताखालचा मनुष्य चूक सांगतच नाही, लपवितो. ज्या कचेरीत वाईट बातमी वरपर्यंत पोहोचत नाही, तेथील साहेब कितीही बुद्धिमान असो, तो आंधळाच कारभार करीत असतो.

तसेच नुसते गोड बोलणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता असाही गैरसमज नसावा. दुसऱ्याचे मन ओळखण्याची कला ठकालाही साधते. वरिष्ठाने स्वतः काय सोसले आणि दुसऱ्याला काय दिले, यावरून तिची पारख करावी.

हा धडा आपल्या मंडळासही लागू आहे. वधूवर मेळाव्यास उपस्थिती कमी झाली, शिष्यवृत्तीचा निधी अपुरा पडला, की भर सभेत एखाद्या उत्साही तरुण कार्यकर्त्यास उभे करून जाब विचारला जातो. मेळावा साजरा झाला की हार मात्र व्यासपीठावरील आम्हा ज्येष्ठांच्या गळ्यात पडतात. मग तरुण मंडळी कामास पुढे येत नाहीत अशी तक्रार आपण कोणत्या तोंडाने करावी? माझी नम्र सूचना आहे की, येत्या वर्षी न्यून घडेल तेथे पदाधिकाऱ्यांनी उठून उत्तर द्यावे, आणि अहवालात श्रेय लिहिताना ज्याने सतरंज्या घातल्या त्याचे नाव आधी लिहावे.

कलाम २००२ साली राष्ट्रपती झाले. धवनांचे निधन त्याच वर्षी जानेवारीत झाले आणि श्रीहरिकोट्याच्या केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. त्या केंद्रातून आज अग्निबाण उडतात तेव्हा पुढे होऊन बोलणारे दुसरेच असतात; धवनांना तेच आवडले असते असे मला वाटते.